टाऊन हॉलच्या तीस पायऱ्या

धम्मवंदना घेताना आपण धम्माचे सहा गुण म्हणतो. त्यांतील एक गुण 'एहिपस्सिको' हा आहे. 'या आणि स्वतः पाहा' असा त्याचा अर्थ. कोणी सांगितले म्हणून मानू नका, तपासून पाहा आणि मग स्वीकारा, हे तथागतांचे सांगणे या एका शब्दात आले आहे. सार्वजनिक ग्रंथालय हे याच गुणाचे दगड-चुन्यात उभे राहिलेले रूप आहे असे आम्हाला वाटते. तेथे कोणी प्रवचन देत नाही. तेथे पुरावा ठेवलेला असतो. ज्याला पाहायचे असेल त्याने यावे व पाहावे.

बौद्ध परंपरेने ग्रंथालयाला नेहमीच मोठा मान दिला. नालंदा महाविहाराच्या ग्रंथालयाला 'धर्मगंज' म्हणत. त्याच्या रत्नसागर, रत्नोदधी व रत्नरंजक अशा तीन इमारती होत्या आणि रत्नोदधी नऊ मजली होती, असे तिबेटी परंपरा सांगते. बाराव्या शतकाच्या अखेरीस नालंदा उद्ध्वस्त झाली. त्याच सुमारास महाराष्ट्रातील विहारही ओस पडत गेले. लेणी राहिली, पण लेणी कोणाची हे सांगणारे राहिले नाहीत. भिंतींवर अक्षरे होती, पण ती वाचणारे डोळे नव्हते. कारागिरांनी, व्यापाऱ्यांनी, भिक्खू-भिक्खुणींनी दान देऊन कोरवलेल्या वास्तू पांडवांनी एका रात्रीत कोरल्या, असे लोक म्हणू लागले. नाशिकच्या लेण्यांना आजही 'पांडवलेणी' म्हणतात.

ही पुसलेली ओळख पुन्हा कशी मिळाली, या कहाणीत मुंबईच्या एका ग्रंथालयाचा मोठा वाटा आहे. ते ग्रंथालय म्हणजे फोर्ट भागातील टाऊन हॉल, अर्थात एशियाटिक सोसायटीचे ग्रंथालय. दरवर्षी 6 डिसेंबरला मिरज-सांगली परिसरातून शेकडो समाजबांधव चैत्यभूमीवर जातात. त्यांतील विद्यार्थ्यांनी ही वास्तूही पाहावी आणि ती का पाहावी हे जाणून जावे, यासाठी हा लेखनप्रपंच.

वास्तू

26 नोव्हेंबर 1804 रोजी मुंबईचे न्यायाधीश सर जेम्स मॅकिंटॉश यांच्या पुढाकाराने 'लिटररी सोसायटी ऑफ बॉम्बे' ही संस्था स्थापन झाली. पुढे हीच संस्था लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीला जोडली गेली आणि तिची मुंबई शाखा म्हणून ओळखली जाऊ लागली. 1954 साली तिचे नाव 'एशियाटिक सोसायटी ऑफ बॉम्बे' झाले व 2002 साली 'एशियाटिक सोसायटी ऑफ मुंबई' झाले. 26 नोव्हेंबर हा आपला संविधान दिनही आहे. हा निव्वळ योगायोग, पण विद्यार्थ्यांना तारीख लक्षात ठेवायला सोयीचा.

संस्थेला ग्रंथांसाठी व शहराला सभांसाठी एक मोठी वास्तू हवी होती. त्यातून टाऊन हॉलची कल्पना निघाली. बांधकाम 1821 साली सुरू झाले. पैशाअभावी ते अनेकदा रखडले आणि अखेर 1833 साली पूर्ण झाले. आराखडा कर्नल थॉमस कूपर या लष्करी अभियंत्याचा. शैली प्राचीन ग्रीक देवालयांच्या धर्तीची. समोर डोरिक पद्धतीचे उंच, पन्हळीदार खांब, वर त्रिकोणी माथा आणि खाली रस्त्यापासून खांबांपर्यंत चढत जाणाऱ्या तीस पायऱ्या. आत गेल्यावर उंच छताची दालने, लाकडी जमीन, लोखंडी नक्षीचे जिने-कठडे आणि संगमरवरी पुतळे दिसतात. एल्फिन्स्टन, माल्कम यांच्याबरोबर नाना जगन्नाथ शंकरशेट यांचाही पुतळा येथे आहे. समोर हॉर्निमन सर्कलची गोल बाग आहे.

ही वास्तू पाहताना दोन गोष्टी ध्यानात घ्याव्यात. पहिली, तिची उंची. ग्रंथ जमिनीच्या ओलीपासून दूर, वरच्या मजल्यावर आहेत. मुंबईच्या पावसात कागदाचा पहिला शत्रू दमट हवा आणि दुसरा वाळवी. उंच जोते, उंच छत, मोठ्या खिडक्या यांनी हवा खेळती राहते. ऑगस्ट 2019 मध्ये कृष्णेच्या महापुरात सांगलीतील हजारो पुस्तके पाण्यात गेली. त्या अनुभवानंतर ग्रंथ कोठे व किती उंचीवर ठेवावेत हा प्रश्न आपल्या भागातील प्रत्येक संस्थेने मनावर घेतला पाहिजे.

दुसरी गोष्ट पायऱ्यांची. इतक्या पायऱ्या चढून जाताना माणसाच्या मनात वास्तूविषयी आदर निर्माण होतो. पण पायऱ्या माणसाला वर नेतात तशा खालीही थोपवून धरतात. म्हणून कोणत्याही भव्य ग्रंथालयासमोर उभे राहिले की एक प्रश्न विचारावा. या पायऱ्या कोणी चढायच्या होत्या?

दार कोणासाठी?

सुरुवातीची जवळजवळ छत्तीस वर्षे या संस्थेत भारतीयांना सभासद होता येत नव्हते. 1840 च्या सुमारास माणेकजी करसेटजी या पारशी गृहस्थांना प्रवेश मिळाला आणि दार किलकिले झाले. पुढे डॉ. भाऊ दाजी लाड, रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांच्यासारखे विद्वान येथे नावारूपाला आले. 1892 साली न्यायमूर्ती काशिनाथ त्र्यंबक तेलंग हे संस्थेचे पहिले भारतीय अध्यक्ष झाले.

गोऱ्यांनी भारतीयांना बाहेर ठेवले होते आणि त्याच काळात भारतीय समाजाने आपल्याच लाखो बांधवांना शाळा, पाणवठा, धर्मशाळा यांच्याबाहेर ठेवले होते. अक्षरच शिकू दिले नाही तर ग्रंथालयाच्या दारावर पहारा ठेवण्याची गरजच पडत नाही. आपल्या समाजाच्या बाबतीत हेच घडले. कोल्हापुरात राजर्षी शाहू महाराजांनी 1919 साली हुकूम काढून सार्वजनिक जागा अस्पृश्यांना खुल्या केल्या. मुंबई कायदे कौन्सिलात 4 ऑगस्ट 1923 रोजी सीताराम केशव बोले यांचा ठराव संमत झाला आणि सरकारी पैशाने चालणारे पाणवठे, शाळा, दवाखाने, कचेऱ्या सर्वांना खुल्या ठरल्या. अखेर भारतीय संविधानाने अस्पृश्यता नष्ट केली व सार्वजनिक जागांवरील भेदभावाला मनाई केली. टाऊन हॉलच्या त्या तीस पायऱ्या आज कोणीही चढू शकतो. हे आपोआप झालेले नाही. त्यामागे शंभर-सव्वाशे वर्षांची झुंज आहे.

लेण्यांना नाव परत मिळाले

आता या ग्रंथालयाशी आपला, म्हणजे बौद्धांचा, विशेष संबंध काय ते पाहू.

1837 साली कलकत्त्यात जेम्स प्रिन्सेप यांनी ब्राह्मी लिपी उलगडली आणि अशोकाचे लेख बोलू लागले. पश्चिम भारतात लेण्यांची संख्या सर्वांत मोठी. येथील लेण्यांचा पद्धतशीर शोध घ्यावा म्हणून एशियाटिक सोसायटीच्या मुंबई शाखेच्या आग्रहावरून सरकारने 1848 साली एक आयोग नेमला. डॉ. जॉन विल्सन त्याचे अध्यक्ष होते. संस्थेच्या नियतकालिकातून लेण्यांतील शिलालेखांच्या नकला, वाचन व अर्थ प्रसिद्ध होऊ लागले. वेस्ट यांनी कान्हेरीचे लेख उतरवले. भाऊ दाजींनी अजिंठ्याचे लेख वाचले. भांडारकरांनी नाशिकचे लेख अभ्यासले.

या वाचनातून काय निघाले? लेणी पांडवांची नव्हेत, ती भिक्खुसंघाला दिलेली दाने आहेत, हे निघाले. आणि दाते कोण? राजे-राण्या आहेतच, पण त्यांच्याबरोबर साधी माणसेही आहेत. कार्ल्याच्या चैत्यगृहाचे दार केल्याची नोंद धेनुकाकटच्या सामी नावाच्या सुताराची आहे. तेथलेच काही खांब यवनांनी, म्हणजे परदेशातून येऊन येथे राहिलेल्या उपासकांनी दिले. जुन्नरच्या लेखांत धान्याचे व्यापारी, बांबूचे काम करणारे, कासार यांच्या श्रेणी येतात. कान्हेरीत कल्याण, सोपारा, नाशिक या गावांची नावे येतात. दोन हजार वर्षांपूर्वीचा महाराष्ट्र हा श्रमाला व दानाला मान देणारा बौद्ध महाराष्ट्र होता, हे कोणा वक्त्याच्या भाषणातून नव्हे तर दगडावरील अक्षरांतून सिद्ध झाले.

आपल्या परिसराचेच उदाहरण घ्या. कराडजवळ जखिणवाडीच्या आगाशिव डोंगरात साठाहून अधिक बौद्ध लेणी आहेत. मध्य प्रदेशातील भारहुत येथील स्तूपावर दान देणाऱ्यांच्या यादीत 'करहकट' या नगराचे नाव कोरलेले आहे आणि अभ्यासक हे नगर म्हणजे आपले कराड असे मानतात. कृष्णा-कोयनेच्या काठचे लोक शेकडो कोस दूर असलेल्या स्तूपासाठी दान पाठवत होते. ही एक ओळ कळली की कराडकडे पाहण्याची आपली दृष्टीच बदलते.

सोपाऱ्याचा ठेवा

टाऊन हॉलशी जोडलेली सर्वांत हृद्य हकीकत सोपाऱ्याची आहे. मुंबईच्या उत्तरेला नालासोपारा हे प्राचीन बंदर. पाली ग्रंथांत त्याचे नाव 'सुप्पारक' असे येते. तेथे 'बुरुड राजाचा कोट' म्हणून ओळखला जाणारा एक उंचवटा होता. 1882 साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी तो खणला. भगवानलाल मूळचे जुनागढचे, भाऊ दाजींचे सहायक म्हणून घडलेले. विद्यापीठाची पदवी नाही, पण ब्राह्मीचे वाचन असे की युरोपातील पंडितांनी मान डोलवावी.

उंचवटा म्हणजे स्तूप निघाला. मध्यभागी विटांच्या कोठडीत दगडी पेटी आणि पेटीत तांब्याचा करंडक. करंडकाभोवती ब्राँझच्या आठ मूर्ती बसवलेल्या होत्या. सात बुद्धांच्या व आठवी भावी बुद्ध मैत्रेयाची. करंडकात एकात एक अशा तांबे, चांदी, दगड, स्फटिक व शेवटी सोने यांच्या डब्या होत्या. सोन्याच्या डबीत सोन्याच्या फुलांबरोबर मातीच्या भांड्याचे काही तुकडे मिळाले. ते भगवान बुद्धांच्या भिक्षापात्राचे तुकडे म्हणून श्रद्धेने जपलेले अवशेष असावेत, असे भगवानलाल यांनी मांडले. सातवाहन राजा यज्ञश्री सातकर्णी याचे चांदीचे नाणेही तेथे सापडले. मूर्ती मात्र त्यामानाने बऱ्याच नंतरच्या आहेत. म्हणजे शतकांनंतरही कोणीतरी तो स्तूप उघडून, वंदन करून, नव्या मूर्ती ठेवून पुन्हा बंद केला होता.

विचार करा. बाहेर सोने, आत माती. जगाच्या दृष्टीने जे सर्वांत मौल्यवान ते वेष्टन झाले आणि भिक्षा मागणाऱ्या एका महाकारुणिकाच्या हातातले मातीचे पात्र हे खरे धन ठरले. हा ठेवा एशियाटिक सोसायटीकडे सोपवला गेला आणि तिच्या संग्रहाचा तो मानबिंदू आहे.

सोपाऱ्यातच 1882 साली भगवानलाल यांना अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा मिळाला. या लेखात सम्राट सांगतो की पूर्वीचे राजे शिकारीसाठी व मौजेसाठी फिरत, आपण मात्र संबोधीला, म्हणजे बोधगयेला गेलो आणि तेव्हापासून धम्मयात्रा सुरू झाल्या. त्या यात्रेत श्रमणांना व वृद्धांना भेटणे, दान देणे आणि खेड्यापाड्यांतील जनतेशी धम्माविषयी बोलणे होते. पुढे 1956 साली सोपाऱ्याजवळील भुईगाव येथे अशोकाच्या आणखी एका लेखाचा तुकडा मिळाला. तो शोधणारे एन. ए. गोरे हे एशियाटिक सोसायटीचे ग्रंथपाल होते. आपल्या धम्मदीक्षेचे ते वर्ष. ज्या वर्षी नागपुरात लाखो लोकांनी धम्म स्वीकारला, त्याच वर्षी मुंबईच्या एका ग्रंथपालाच्या हाती अशोकाची अक्षरे लागावीत, हा योग मनात जपून ठेवण्यासारखा आहे.

पण येथे एक गोष्ट स्पष्ट बोलली पाहिजे. या सर्व संशोधकांविषयी आम्हाला कृतज्ञता आहे. तथापि त्यांच्यासाठी बौद्ध धम्म हा बहुतांशी पुराणवस्तूचा विषय होता. तो जिवंत माणसांचा विषय केला तो डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी.

बाबासाहेब आणि ग्रंथालय

बाबासाहेबांच्या जीवनाला ग्रंथांनीच वळणे दिली. 1907 साली मॅट्रिक झाल्यावर सत्कारप्रसंगी कृष्णराव अर्जुन केळुसकर गुरुजींनी त्यांना स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र भेट दिले. एका पुस्तकाचे बी एकोणपन्नास वर्षांनी नागपूरच्या दीक्षाभूमीवर वटवृक्ष होऊन उभे राहिले. न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात व लंडनला ब्रिटिश म्युझियमच्या वाचनालयात त्यांनी केलेला अभ्यास सर्वांना ठाऊक आहे. 1917 साली मायदेशी परतताना त्यांचे सामान ज्या जहाजावर होते ते युद्धात बुडाले आणि ग्रंथही समुद्रात गेले. तरी त्यांनी पुन्हा ग्रंथ जमवले. दादरचे 'राजगृह' तर ग्रंथांसाठीच बांधलेले घर. बिंबिसाराच्या राजधानीचे नाव त्याला दिले, यातच सर्व आले.

त्यांनी हे धन स्वतःपुरते ठेवले नाही, हे अधिक महत्त्वाचे. 1924 साली स्थापन केलेल्या बहिष्कृत हितकारिणी सभेच्या उद्देशांत वसतिगृहांबरोबरच वाचनालये व अभ्यासवर्ग उघडणे हा उद्देश स्पष्ट लिहिलेला आहे. पोटाला पुरेसे अन्न नसलेल्या समाजासाठी वाचनालयाचा विचार करणारा हा नेता होता. पीपल्स एज्युकेशन सोसायटीने 1946 साली मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय व 1950 साली औरंगाबादेत, आजच्या छत्रपती संभाजीनगरात, पुढे 'मिलिंद' या नावाने ओळखले गेलेले महाविद्यालय काढले. दोन्ही ठिकाणच्या ग्रंथालयांकडे बाबासाहेबांचे जातीने लक्ष असे.

मिरजेतून जाताना

आता विद्यार्थ्यांसाठी चार व्यवहाराच्या गोष्टी. मिरजेहून महालक्ष्मी एक्सप्रेसने निघाले की सकाळी छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला पोहोचता येते. तेथून दादाभाई नौरोजी रस्त्याने दक्षिणेकडे चालू लागावे. याच रस्त्यावर सिद्धार्थ महाविद्यालयाच्या 'बुद्ध भवन' व 'आनंद भवन' या वास्तू आहेत. त्या आधी पाहाव्यात. पुढे हुतात्मा चौकातून डावीकडे वळले की हॉर्निमन सर्कल येते आणि समोर टाऊन हॉल. चालत अर्ध्या तासाच्या आतले अंतर आहे. महापरिनिर्वाण दिनी ग्रंथालय बंद असण्याचा संभव असतो. म्हणून एक दिवस अलीकडे किंवा पलीकडे ठेवावा. सोपाऱ्याच्या ठेव्यासारख्या वस्तू नेहमी मांडलेल्या नसतात. त्या पाहायच्या असतील तर संस्थेला आधी पत्र पाठवून विचारावे. आपल्या सोसायटीच्या किंवा महाविद्यालयाच्या नावाने पत्र गेले तर अधिक बरे.

या वास्तूत एक लाखाहून अधिक ग्रंथ व सुमारे तीन हजार हस्तलिखिते आहेत. याखेरीज राज्य मध्यवर्ती ग्रंथालयही टाऊन हॉलशीच निगडित आहे. 1954 च्या कायद्यानुसार भारतात छापलेल्या प्रत्येक पुस्तकाची प्रत देशातील चार ग्रंथालयांना द्यावी लागते, त्यांतील एक हे. म्हणजे आपल्या गल्लीतील कवीने छापलेल्या पुस्तकालाही तेथे हक्काची जागा आहे. आपल्यातील जे बांधव पुस्तके, स्मरणिका काढतात त्यांनी ही प्रत पाठवण्यास विसरू नये. जे ग्रंथालयात नाही ते उद्याच्या इतिहासात नाही.

आपले काम

मुंबईच्या वास्तूचे गुणगान करून थांबणे हा या लेखाचा हेतू नाही. मिरजेलाही कागदपत्रे वाचण्याची परंपरा आहे. वासुदेवशास्त्री खरे यांनी येथे शिक्षकी करीत पटवर्धनांच्या दप्तरातील पत्रे वाचली व 'ऐतिहासिक लेखसंग्रह' सिद्ध केला. त्यांच्या नावाने मिरजेत वाचनालय उभे राहिले. एका शिक्षकाने एका गावात बसून एवढे काम केले. मग आपल्या वस्तीतील पदवीधरांनी आगाशिवची लेणी, त्यांतील लेख, आपल्या गावोगावच्या चळवळीची जुनी पत्रके, हस्तपत्रिका, छायाचित्रे यांची नोंद का करू नये?

आज लेणी कोणाची यावर सभांतून, भ्रमणध्वनीवरील संदेशांतून मोठे वाद होतात. आवाज चढतो, पण पुरावा कोणी काढत नाही. आपला पुरावा भक्कम आहे. तो दगडावर आहे आणि ग्रंथालयात आहे. तो वाचता यावा म्हणून आपल्या मुलामुलींनी पाली शिकावी, ब्राह्मीची अक्षरे गिरवावीत. काही आठवड्यांच्या नियमित सरावाने ब्राह्मीची वर्णमाला ओळखता येते.

सोसायटीसमोर आम्ही तीन सूचना ठेवतो. विहाराच्या वरच्या मजल्यावर, पुराच्या व ओलीच्या आवाक्याबाहेर, एक वाचनकक्ष असावा. त्यात आलेल्या प्रत्येक पुस्तकाची नोंदवहीत नोंद व्हावी, कारण नोंद नसलेले पुस्तक हरवलेले कळतही नाही. आणि त्या कक्षाला जात, धर्म, पंथ न विचारता सर्वांना प्रवेश असावा. ज्यांना दाराबाहेर उभे केले गेले त्यांच्या दारात कोणी बाहेर उभे राहू नये. महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम 1967 खाली मान्यताप्राप्त ग्रंथालयांची वर्गवारी होते व अनुदान मिळते. उत्कृष्ट ग्रंथालयांना राज्य शासन जो पुरस्कार देते त्याला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचेच नाव आहे. तो सन्मान आपल्या एखाद्या वाचनकक्षाने मिळवावा, अशी अपेक्षा धरण्यात गैर काही नाही.

विद्यार्थी मित्रांनो, पुतळ्याला हार घालणे सोपे आहे. त्याला पाच मिनिटे लागतात. ज्या ग्रंथांच्या सोबतीत बाबासाहेबांनी रात्री जागवल्या त्यांतील एक ग्रंथ शेवटच्या पानापर्यंत वाचायला महिना लागतो. त्या महिन्याची आज समाजाला गरज आहे. टाऊन हॉलला तीस पायऱ्या आहेत. आपल्या विहाराच्या वाचनकक्षाला कदाचित दहाच असतील. त्या रोज चढाव्यात, हीच खरी धम्मयात्रा.

भवतु सब्ब मंगलं. जयभीम!